पावसाची खबर आधी कुणाला?

६ डिसेंबर २०१७ चा महापरिनिर्वाण दिन आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. विदर्भ-मराठवाड्यातून आलेला समाज दादरला उतरत होता आणि ऐन डिसेंबरात मुंबईत पाऊस कोसळत होता. अरबी समुद्रात 'ओखी' नावाचे चक्रीवादळ उठले होते. शिवाजी पार्कचा चिखल झाला. मंडप गळू लागले, पुस्तकांचे गठ्ठे भिजले. शेवटी महापालिकेने आपल्या शाळा उघडल्या आणि तेथे लोकांची राहण्याची सोय झाली.

हे वादळ न कळवता मुंबईकडे आले असे नाही. आपली माणसे नागपूर, अकोला, नांदेडच्या गाड्यांत भाकरी बांधून बसत होती, त्याच दिवसांत आपल्या किनारपट्टीला इशारे गेले होते. मासेमारी बोटींना परत बोलावले जात होते. पण गाडीत बसणाऱ्या आयाबहिणींना, लेकरासाठी एक प्लॅस्टिकचा कागद जास्तीचा घ्या, एवढे सांगणारे कुणी भेटले नाही. खबर होती, ती पोहोचली नाही.

ही आठवण आम्ही मुद्दाम काढली. दादरला एक रात्र भिजण्यावर भागले. गावाकडे शिवारात हीच गोष्ट दरसाल घडते आणि तेथे कधी पेरलेले बियाणे जाते, कधी माणूस जातो.

भारताचे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. शेतीच्या हवामानासाठी त्याची वेगळी शाखा १९३२ साली पुण्यात निघाली. म्हणजे शेतकऱ्याला पावसाचे सांगावे, हा विचार नव्वद वर्षांहून जुना आहे. आज परभणी, अकोला, राहुरी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांतून जिल्ह्याजिल्ह्याचा हवामान सल्ला मराठीत निघतो, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढचे पाच दिवस पाऊस किती, ऊन किती, वारा किती आणि त्यावरून कपाशीला, सोयाबीनला, तुरीला काय करावे, फवारणी आज करावी की थांबावे, हे त्यात असते. 'मेघदूत' नावाचे मोबाइलवरचे ॲप २०१९ साली आले, त्यावर तोच सल्ला फुकट वाचता येतो. ऑक्टोबर २०२४ पासून तर ग्रामपंचायतीपर्यंतचा अंदाज देण्याची व्यवस्था केंद्र सरकारने सुरू केली. मे २०२५ मध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेली नवी पद्धत आली. ती सहा सहा किलोमीटरचे चौकोन धरून अंदाज काढते.

मग अडते कुठे? आम्ही गावी जातो तेव्हा पाहतो. सल्ला ज्यांच्या फोनवर येतो त्यांच्याकडे जमीन आहे, चांगला फोन आहे आणि तो वाचणारे शिकलेले पोर घरात आहे. आपल्या वस्तीत फोन आहेत, पण नवा फोन बहुधा तरण्या पोराच्या खिशात असतो आणि पोरगा पुण्याला कंपनीत असतो. रानात खुरपायला जाणाऱ्या बाईजवळ असलाच तर साधा बटणाचा फोन. एका गावी आम्ही खुरपणीहून परतणाऱ्या बायांना विचारले, आज पावसाचा इशारा होता, ठाऊक होते का? त्यांचे उत्तर असे, की पाऊस येणार म्हणून मालकाने सकाळी घाई केली, तेव्हाच समजले. म्हणजे इशारा आला होता आणि त्याचा उपयोगही झाला होता. काम लवकर उरकून घेण्यासाठी!

त्यात आणखी एक झाले. कृषी विज्ञान केंद्रांतून जिल्हा पातळीवर तालुक्यातालुक्याचा सल्ला देणारी सुमारे दोनशे केंद्रे देशभर २०१८ पासून उभी राहिली होती. ती २०२४ च्या सुरुवातीला बंद करण्यात आली. यंत्रे वाढली आणि सांगणारी माणसे कमी झाली. आमच्या मते हा उलटा हिशेब आहे. बांधावर येऊन समजावणारा माणूस एकट्या ॲपला भरून काढता येत नाही.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे कुठे?

आकाशवाणीवर वर्षानुवर्षे ऐकलेला हा शब्द. त्याची आपण थट्टा करतो, कारण तो आपल्या गावाला कधीच लागू पडत नाही. पण त्याला ठरलेला अर्थ आहे. एखाद्या विभागात जेवढी पाऊस मोजण्याची ठिकाणे आहेत, त्यांपैकी चौथ्या हिश्श्यापर्यंत पाऊस पडणार असेल तर 'तुरळक ठिकाणी'. चौथ्यापेक्षा जास्त पण निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी', तीन चतुर्थांशापर्यंत 'बऱ्याच ठिकाणी' आणि त्याहून जास्त असेल तर 'बहुतेक ठिकाणी'. तेव्हा 'तुरळक' ऐकल्यावर तिफण काढू नये. चार गावांत एका गावाला पाऊस लागेल, तेही लागला तर.

दुसरा शब्द मिलिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब-रुंद जागेवर एक लिटर पाणी. एकरभर रानावर ते सुमारे चार हजार लिटर होते. चोवीस तासांत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, त्यापुढे साडेचौसष्टच्या आतला मध्यम, ६४.५ पासून ११५.५ पर्यंत जोरदार, २०४.४ पर्यंत अति जोरदार आणि त्याच्याही वर गेला तर अत्यंत जोरदार. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, हेही लक्षात ठेवावे. नाहीतर काल रात्रीचा पाऊस आजच्या आकड्यात पाहून माणूस गोंधळतो.

हे मोजायला मोठे यंत्र लागत नाही. सरळ उभ्या बाजूंचा एखादा डबा, तळ सपाट आणि तोंड तेवढेच रुंद, उघड्या अंगणात झाड व पत्र्यापासून दूर ठेवा आणि सकाळी साडेआठला शाळेच्या पट्टीने आतले पाणी मोजा. पाणी जितके मिलिमीटर उंच, तितका पाऊस. सातवी-आठवीतील मुलगी हे सहज करील आणि वहीत लिहून ठेवील. पेरणीच्या वेळी ही वही फार कामाची. कृषी खाते सांगते की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नये. पहिल्या दोन सरी चाळीस मिलिमीटरच्या झाल्या, मातीचा वास सुटला, की शेजारी पेरतो म्हणून आपणही पेरतो. मग पावसाचा खंड पडतो, कोंब करपतात आणि दुबार पेरणी येते. ज्याची दोन एकर जमीन आणि उसनवारीचे बियाणे, त्याला दुबार पेरणी म्हणजे पोरीच्या शिक्षणाचे पैसे गेले.

२०२५ साली याचा धडाच मिळाला. मान्सून केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोहोचला. मुंबईत नेहमीची तारीख ११ जून. एवढ्या लवकर तो मुंबईत आल्याची नोंद नव्हती. मृग लागायच्या आधीच भिजलेली जमीन पाहून पुष्कळांना घाई सुटली. पण मेच्या पावसावर पेरणी उरकू नका, वाट पाहा, असा सल्ला तेव्हा देण्यात आला होता, कारण लवकर आलेला पाऊस टिकून राहीलच असे नसते. त्याच वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापूरकडे सीना नदीला असे पूर आले, की काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. आणि २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तोच. 'यंदा सरासरीइतका पाऊस' हे वाक्य ऐकून पोट भरत नाही, ते यासाठी. सरासरी चार महिन्यांची असते, पीक पंधरा दिवसांच्या खंडात मरते.

बेडूक, म्हैस आणि पंचांग

येथे एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. अजूनही आपल्या काही घरांत नक्षत्राचे वाहन पाहिले जाते. वाहन बेडूक किंवा म्हैस असले तर पाऊस भरपूर, कोल्हा किंवा मेंढा असला तर कमी. अक्षय तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घट मांडून धान्याचे दाणे हलले की नाही ते पाहतात, आणि वर्षभराचे भाकीत दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून येते. मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते ते सूर्याच्या गतीवर, म्हणून तारीख म्हणून ते उपयोगी आहे. वाडवडिलांनी वाऱ्याची दिशा, मुंग्यांची लगबग पाहून काही अनुभव गाठीला बांधला, त्यालाही आम्ही नावे ठेवणार नाही. पण वाहन कागदावरचे असते. कोल्हा-मेंढ्याला ढगाची खबर नसते. त्यावर कर्ज काढून पेरणी करणे आम्हाला पटत नाही.

सर्वांत घातक समज विजेबाबत आहे. वीज पायाळू माणसावर पडते म्हणतात. म्हणून पायाकडून जन्मलेल्या पोराला पावसात बाहेर सोडायचे नाही आणि बाकीच्यांनी बिनधास्त झाडाखाली जायचे! विजेला माणसाचा जन्म कळत नाही. तिला उंची कळते. मोकळ्या रानात जे सर्वांत उंच असेल, लिंबाचे झाड असो, विजेचा खांब असो किंवा उभा माणूस असो, ते तिला जवळ पडते.

देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. आपल्याकडे मराठवाडा आणि विदर्भात हा धोका मोठा. पावसाळ्यापूर्वी एप्रिल ते जूनमध्ये आणि पुन्हा परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, बहुधा दुपारनंतर. नेमकी हीच वेळ खुरपणीची, सोयाबीन काढणीची, म्हणजे रानात मजूर बायांची टोळी असण्याची. ढग गडगडला की दहा-बारा जणी एकाच झाडाखाली धावतात. एका विजेत पाच-पाच जणी गेल्याच्या बातम्या आपण वाचतो त्या अशाच.

वीज नेमकी कुठे पडेल हे आदल्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही. पण अर्धा-पाऊण तास आधी धोक्याचा टापू सांगता येतो. पुण्याच्या त्याच संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप केले आहे, ते मराठीतही चालते. आपण जेथे उभे आहोत त्याच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या परिसरात वीज पडू लागली, की ते कळवते. तीन तासांपुरते तातडीचे इशारे हवामान खाते जिल्हावार देते आणि आपत्ती विभागाचे संदेश साध्या फोनवरही येतात. टोळीत एकीजवळ जरी असा फोन असला तरी दहा जणींचे काम होते. तिचा फोन कमरेच्या पिशवीत न ठेवता बांधावर, ऐकू येईल असा ठेवावा. इशारा आल्यावर काम थांबवले म्हणून कुणाचा अर्धा रोज कापला जाऊ नये, हे हंगामाच्या आधीच मालकाशी आणि मुकादमाशी बोलून घ्यावे. एकटीने बोलले तर ऐकत नाहीत, टोळीने बोलले तर ऐकतात.

फोन नसला तरी कान आहेत. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. रानातले पत्र्याचे उघडे शेड, झाड, पाण्याचा पाट, तारेचे कुंपण, यांपैकी काहीही आसरा नव्हे. जवळ घरच नसेल तर एकमेकींपासून दूर व्हावे, विळा-कुऱ्हाड बाजूला टाकावी, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, डोके खाली घालावे आणि कान झाकावेत. जमिनीवर आडवे पडू नये.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. देशाच्या काही भागांत त्याला शेणात किंवा मातीत पुरतात. त्यात वाचू शकणारा माणूस मरतो. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाब द्या आणि १०८ ला फोन करा.

आणि वाईट घडलेच तर? वीज पडून मृत्यू झाला तर वारसाला शासनाची चार लाख रुपयांची मदत आहे. मृताच्या नावावर सातबारा असण्याची अट या मदतीला नाही. भूमिहीन मजूर बाई असली तरी तिच्या वारसाला ती मिळते. त्यासाठी पोलिसांत खबर, पंचनामा आणि शवविच्छेदन व्हावे लागते, कारण मृत्यूचे कारण कागदावर यावे लागते. आपली माणसे दुःखात आणि रात्र होईल या घाईत अंत्यविधी उरकतात आणि मग वर्षभर तहसीलच्या पायऱ्या चढतात. जनावरांचेही तेच. २०२२ च्या केंद्रीय निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये आणि शेळीला ४,००० रुपये धरले आहेत. शेळी दगावली तर तीही तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्याला दाखवल्याशिवाय पुरू नये.

पासष्ट मिलिमीटरची रेघ

राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळे आहेत. २०१७ पासून 'महावेध' योजनेत मंडळामंडळात आपोआप नोंद करणारी हवामान केंद्रे बसली. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, की तेथे अतिवृष्टी धरतात आणि नुकसानीचे पंचनामे त्या आकड्यावर हलतात. आता मंडळात गावे अनेक आणि यंत्र एक. ढग आपल्या शिवारावर फुटला आणि यंत्राच्या गावी पंचेचाळीसच पडले, तर कागदावर आपल्याकडे अतिवृष्टी झालीच नाही. आपले गाव कोणत्या मंडळात येते आणि ते यंत्र कुठे बसवले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? यंत्र झाडाखाली किंवा भिंतीला लागून असेल तर लेखी तक्रार करता येते. मघा सांगितलेली मुलीची वही येथेही उपयोगी पडते. ती सरकारी पुरावा होणार नाही, पण तारीखवार आकडे घेऊन गेलेल्या माणसाला टाळणे कठीण जाते.

पिकाची मदत मात्र सातबारा पाहूनच येते. बटाईने कसणाऱ्याला ती मिळत नाही, मजुराला नाही आणि गायरान कसणाऱ्यालाही नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून आपला समाज ज्या पडीक जमिनींसाठी लढला, त्या जमिनी मराठवाड्यात अनेक कुटुंबे दोन-तीन पिढ्या कसत आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय होऊनही पुष्कळांच्या नावावर सातबारा चढलेला नाही. पाऊस त्यांचे पीक इतरांइतकेच नेतो. पंचनाम्याच्या कागदावर ते दिसत नाहीत. हवामानाची कितीही चांगली खबर आली तरी हे कोडे तिने सुटणार नाही, त्यासाठी वेगळा झगडा आहे.

मुंबईतही तेच

शहरातल्या वाचकांनी हा गावचा विषय म्हणून पान उलटू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७४ च्या आसपास. कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला कुर्ल्यातला प्रलय दिसणे शक्य नव्हते. तेव्हापासून आपल्या वॉर्डाचा आकडा पाहण्याची सवय हवी. मुंबईत पावसाबरोबर भरतीची वेळही पाहावी. जोराचा पाऊस आणि साडेचार मीटरच्या वरची भरती एकत्र आली, की नाल्याचे पाणी समुद्रात न जाता झोपडीत येते. डोंगरउतारावर आणि संरक्षक भिंतीखाली राहणाऱ्यांचा धोका वेगळा. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूरला भिंत कोसळून माणसे झोपेत गेली. सलग दोन दिवस पाऊस आणि पुढे लाल इशारा असेल, तर ती एक रात्र नातेवाइकाकडे किंवा शाळेत काढावी. इशाऱ्यांचे रंग चारच: हिरवा म्हणजे काही नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे उठा आणि हला.

आमची एक सूचना आहे. आपल्या बहुतेक वस्त्यांत विहार आहे आणि विहारापुढे फळा आहे. त्यावर कार्यक्रमांच्या तारखा लिहिल्या जातात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी वंदनेला जमणाऱ्यांपैकी एखाद्या मुलाने किंवा मुलीने त्या फळ्यावर चार ओळी वाढवाव्यात. जिल्ह्याचा इशारा कोणत्या रंगाचा, पाच दिवसांत पाऊस किती मिलिमीटर, विजेचा धोका कोणत्या दिवशी आणि आपल्या डब्यातला कालचा पाऊस किती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्या रंगाचा खडू वापरावा. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी त्याच फळ्यावर उन्हाचा इशारा आणि मिरवणूक सुरू करण्याची वेळ लिहावी. डिसेंबरात दादरला निघण्याच्या आदल्या दिवशी मुंबईचे हवामान लिहावे.

ज्या वस्तीत असा फळा सुरू होईल तेथील तरुणांनी आम्हाला पोस्टकार्डाने कळवावे. फळा लिहायला कोण बसते, डबा कुठे ठेवला आहे आणि आपल्या मंडळाचे यंत्र कोणत्या गावात सापडले, एवढे लिहिले तरी पुरे. पत्रे याच पानावर छापू.